सांध्याचा धनी

नशिराबादेत घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाला सृष्टीने आणि सरकारने मिळून काहीही उणे ठेवलेले नाही. सिमेंट पाहिजे तर सिमेंटचा कारखाना गावच्या शिवारातच आहे. सिमेंटात मिसळायला राख पाहिजे तर पलीकडे भुसावळच्या अंगाला दीपनगरचे वीज केंद्र ती रात्रंदिवस निर्माण करीत बसले आहे. वाळूसाठी गिरणा नदी आहे, आणि ती वाळू कोणत्या प्रहरी व कोणाच्या परवान्याने गावात शिरते ही चौकशी सभ्य मनुष्याने करू नये एवढे पथ्य पाळले तर तिचाही तुटवडा नाही. भादलीचे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून गेला आहे, ग्रामपंचायतीची नगर परिषद झाल्यामुळे परवानगी मागण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक खिडक्या उपलब्ध झाल्या आहेत, आणि काँक्रीट वाळवायला उन्हाची वाण खानदेशात कधी पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. एके काळी तालुक्याला आपले नाव देणाऱ्या आणि काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात एकच जिन्नस कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही, तो म्हणजे एकाच जागेवर काम करणाऱ्या दोन ठेकेदारांचे एकमत.

यावरून ठेकेदार ही जात स्वभावतः भांडखोर आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एकेकटा गाठला तर त्यांतील प्रत्येक जण मृदुभाषी, पापभीरू आणि चहाला नाही न म्हणणारा असतो. वैर माणसांत नसून कामाच्या क्रमात आहे. वकील वकिलाचे लिहिलेले फाडीत नाही, वैद्य वैद्याने घातलेला टाका उसवीत नाही. परंतु बांधकाम हा एकच धंदा असा आहे की जिथे एकाने सुबक केलेले दुसऱ्याने फोडल्याशिवाय तिसऱ्याला हात घालता येत नाही. गवंड्याने ओळंब्यात उभी केलेली भिंत वायरमन झिरी मारून चिरतो. वायरमनने बुजविलेली झिरी प्लंबर नळासाठी पुन्हा उघडतो. प्लंबरने मोठ्या मिनतवारीने बसविलेल्या नळीवर फरशीवाला आपल्या हातोडीची कसोटी पाहतो. आणि सरतेशेवटी रंगारी येऊन या सर्वांच्या पातकांवर पुट्टीचे दोन हात फिरवितो, व त्यातले एखादे पातक पुन्हा वर आले की सर्वांच्या वतीने शिव्या खातो. वेरुळचे कैलास लेणे एका अखंड खडकातून वरून खाली कोरीत आणले, तिथे वीट नाही, सांधा नाही, सेंट्रिंग नाही, तेव्हा निदान त्या एका ठिकाणी तरी हा कलह नसेल असे वाटावे. पण कोरणाऱ्यांचे काम आटोपल्यावर त्या दगडावर गिलावा चढला, गिलाव्यावर रंग चढला आणि लेण्याला रंगमहाल हे नाव पडले. म्हणजे तिथेही पाथरवटामागून गिलाव्याचा कारागीर आलाच होता, आणि त्याने पाथरवटाच्या कामाविषयी एखादा शेरा मारला नसेल असे मानायला मनुष्यस्वभावाचा आधार नाही.

आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून घर बांधावयास काढले, तेव्हा हा विषय मला जवळून अभ्यासता आला. गुरुजींनी आयुष्यभर शाळेचे वेळापत्रक आखले होते. त्यामुळे सेंट्रिंगवाला, लोखंड बांधणारा, गवंडी, वायरमन, प्लंबर आणि फरशीवाला या सहा जणांना निरनिराळे ठेके देताना त्यांना यत्किंचितही भय वाटले नाही. त्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर लाल-निळ्या शाईने तासिका आखल्या, प्रत्येकाच्या नावासमोर वार आणि वेळ घातली, आणि तो पुठ्ठा बांधकामावरच्या कडुनिंबाला सुतळीने टांगला. पुढे त्या पुठ्ठ्याचा उपयोग मजुरांनी घमेल्यात कालवलेला माल झाकण्यासाठी केला, हा भाग निराळा.

स्लॅबच्या आदला दिवस ज्याने पाहिला नाही त्याने लढाई पाहिली नाही असे म्हणायला हरकत नाही. लोखंडवाल्याने सळयांची जाळी ताणून बांधलेली असते, आणि नेमका त्याच वेळी वायरमन आपल्या काळ्या नळ्या व पंख्याचे डबे घेऊन शिडीने वर येतो. नळ्या जाळीच्या पोटातून जायच्या असतात. त्यासाठी चार गाठी सोडाव्या लागतात. त्या गाठी कोणी सोडाव्यात आणि सोडल्यावर पुन्हा कोणी बांधाव्यात याचा उल्लेख दोघांपैकी एकाच्याही ठरावात नसतो. लोखंडवाल्याचे म्हणणे, माझे काम पुरे झाले, मोजमाप घ्या आणि पैसे द्या. वायरमनचे म्हणणे, मला काल बोलावले असते तर मी काल आलो असतो. त्याला काल बोलावलेले असते, हे गुरुजींच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने लिहिलेलेही असते. परंतु काल तो दुसऱ्याच्या स्लॅबवर ‘मला काल बोलावले असते तर’ हेच वाक्य उच्चारीत उभा असतो. तेवढ्यात सेंट्रिंगवाला खालून ओरडून सांगतो की माझ्या पत्र्यावर इतकी माणसे एकदम नाचू लागली तर टेकू सरकतील, आणि टेकू सरकले तर ती जबाबदारी माझी नाही. ‘ती जबाबदारी माझी नाही’ हे वाक्य प्रत्येक बांधकामावर दिवसातून जितक्या वेळा उच्चारले जाते तितक्या वेळा रामनाम उच्चारले असते तर सहाही ठेकेदार सदेह वैकुंठास गेले असते.

स्लॅब पडला की भांडणाचा अध्याय बदलतो, विषय पाण्याचा होतो. काँक्रीट कसे घालावे हे सांगणारी आपली राष्ट्रीय संहिता, आय. एस. 456, तिची 2000 सालची आवृत्ती असे फर्मावते की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस पाणी मारावे, आणि हवा उष्ण व कोरडी असेल तर निदान 10 दिवस. ही ‘उष्ण व कोरडी हवा’ म्हणजे काय याची व्याख्या शोधायला ग्रंथ उघडण्याची गरज भुसावळ-जळगावच्या माणसाला नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे गेला की ती घरबसल्या अंगावर उमटते. म्हणून गवंड्याला स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवायचे असते. परंतु त्याच पाण्याचे थेंब खाली वायरमनच्या डब्यात टपकतात म्हणून वायरमनला ते नको असते. सेंट्रिंगवाल्याची व्यथा आणखी निराळी. तीच संहिता सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे 14 दिवस हलवू नयेत. आणि त्याचे पत्रे तर तरसोदला की कुठे दुसऱ्या स्लॅबसाठी चौथ्याच दिवशी कबूल झालेले असतात. रोज सकाळी तो येतो, वर हात लावून पाहतो, ‘लोखंड झालंया हो गुरुजी, लोखंड!’ असा निर्वाळा देतो, आणि गवंडी त्याला ‘मंग तुह्या घरचा काढ ना’ असे एवढ्या शांतपणे सांगतो की त्या शांततेतच खून दडलेला असावा.

तथापि या सगळ्या चकमकी झाल्या. खरा दावा उभा राहिला तो न्हाणीघरात. घरात राहायला येऊन मंडळी स्थिरस्थावर होतात न होतात तोच खालच्या खोलीच्या छताला, बरोबर देव्हाऱ्याच्या वर, एक ओलसर नकाशा उमटू लागला. आरंभी तो श्रीलंकेएवढा होता. आषाढात त्याने हिंदुस्थान व्यापला. गुरुजींनी सर्वांना निरोप धाडले, आणि एका रविवारी कडुनिंबाखाली जी सभा भरली तिची रुजवात अशी.

गवंडी म्हणाला, “गुरुजी, स्लॅब टाकल्यावर आळी बांधून दहा दिवस पानी भरून ठेवलं व्हतं, तुम्ही डोयानं पाह्यलं. एक थेंब निंघाला का? नाही निंघाला. मंग!” प्लंबर म्हणाला, “दादा, माझी लाईन मी दाबानं तपासून दिली, बुच मारून रात्रभर ठेवली. सकाळी काटा होता तिथंच.” फरशीवाला म्हणाला, “मी आलो तेव्हा खाली कोबा होता. कोब्याच्या खाली काय होतं ते मला दिसत नाही. मी फरशी बसवतो, ज्योतिष बघत नाही.” तिघेही खरे बोलत होते. गवंड्याचा स्लॅब गळत नव्हता, प्लंबरची नळी गळत नव्हती, फरशीवाल्याची फरशी तर गळण्याचा प्रश्नच नव्हता. गळत होती ती स्लॅबमधून नळी जिथे आरपार जाते तिथली, अंगठ्याच्या पेराएवढी फट. भोक गवंड्याने ठेवले, नळी प्लंबरने घातली, वरून फरशीवाल्याने झाकले. आणि भोक व नळी यांच्यामधली जी रिकामी जागा, ती भरून काढण्याचे काम तिघांपैकी कोणाच्याही ठेक्यात नव्हते. प्रत्येकाने आपले काम चोख केले होते, घर मात्र गळत होते.

शेवटी तिघांच्या अनुमतीने दोष वायरमनवर ठेवण्यात आला. न्हाणीघराच्या फटीशी वायरमनचा संबंध काय, असे गुरुजींनी भाबडेपणाने विचारले. संबंध एवढाच होता, की त्या सभेला तो हजर नव्हता.

माझ्या मते बांधकामाच्या तंट्यांचे सारे शास्त्र या न्हाणीघरात सामावलेले आहे. ठेकेदारांच्या भांडणाची जागा कामात नसते, दोन कामांच्या सांध्यात असते. प्रत्येक जण आपल्या हद्दीपर्यंत येऊन थांबतो, आणि दोन हद्दींच्या मधला तो बोटभर प्रदेश निर्नायकी राहतो. पाऊस, वाळवी, ओल आणि वकील हे चौघेही घरात शिरतात ते तिथूनच.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडत नसे असे नाही. परंतु त्यांचा बंदोबस्त निराळा होता. शिवेचा तंटा पडला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांची गोतसभा बसे, दोन्ही पक्षांच्या कैफियती होत, साक्षी पडत, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर सर्वांच्या निशाण्या घेतल्या जात. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य होते. कढत तेलातून धातूचा रवा हाताने बाहेर काढण्याची सोय होती. सांप्रतच्या लवादांपेक्षा ही पद्धत पुष्कळ वेगवान होती, आणि खोटा दावा आणण्याचा उत्साह तिच्यामुळे किती आटोक्यात राहत असेल याची कल्पनाच केलेली बरी. परंतु रव्याहून अधिक परिणामकारक गोष्ट दुसरीच होती. गावचा सुतार आणि गावचा लोहार यांना बलुते मिळे ते सुगीला, त्याच गावात, त्याच खळ्यावर. आज केलेल्या कामाला उद्या तोंड दाखवावे लागणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. औताचा फाळ निसटला तर लाकूड दोषी की लोखंड दोषी हा वाद होई. पण वाद करणारे दोघेही संध्याकाळी त्याच पारावर बसत. आजचा ठेकेदार शेवटचा हप्ता घेऊन दुसऱ्या गावच्या कामावर गेला की त्याचा दूरध्वनी ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर’ जातो, आणि बलुतेदाराला हे संपर्कक्षेत्र सोडून जाण्याची सोयच नव्हती.

इंग्रजांनी ठेकेदारीची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली तेव्हा तिचे सांधेही त्याच प्रमाणात मोठे झाले. बोरघाटातून रेल्वे चढविण्याचा ठेका फॅव्हिएल नावाच्या साहेबाने घेतला. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि मुकादमांच्या हाताखाली हजारो मजूर. वरून सुटलेला पैसा खाली पोहोचेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक सांध्यातून पाझरत गेला, आणि 1859 सालच्या आरंभी मजुरी थकली म्हणून घाटात दंगा झाला. त्याच वर्षी साहेबाने ठेका सोडला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो येऊन काही आठवडे होतात न होतात तोच दगावला. आणि मग त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका टाकून मायदेशी परतण्याऐवजी तो आपल्या हाती ठेवला, कामावर दोन जाणते अभियंते नेमले, आणि 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली. त्या बाईने स्वतः किती दगड फोडले असतील? एकही नाही. परंतु कोणाचे काम कुठे संपते व कोणाचे कुठे सुरू होते याची जबाबदारी अंगावर घेणारे माणूस घाटात उभे राहिले, आणि बोगदे तर खोदणारे आधीही खोदीतच होते.

आता दाखल्यासाठी घाटात जाण्याचेही कारण उरलेले नाही. पूर्वीचा 6 क्रमांकाचा आणि 2010 च्या फेररचनेनंतर 53 क्रमांकाचा झालेला आमचा महामार्ग चौपदरी करावयाचे ठरले, तेव्हा कामाचे टप्पे पाडण्यात आले : फागणे ते तरसोद हा एक, आणि तरसोद ते चिखली हा दुसरा. म्हणजे दोन ठेक्यांचा सांधा आला तो नेमका नशिराबादच्या उंबऱ्याशी. या तरसोदला गणपतीचे जागृत स्थान आहे, आणि दोन ठेकेदारांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे साक्षात विघ्नहर्त्याला आधीपासूनच बसवून ठेवण्यात पूर्वजांनी दाखविलेली दूरदृष्टी कोणत्याही सल्लागार अभियंत्याला साधली नसती. तरी देखील पूर्वेकडचा टप्पा आधी पुरा झाला आणि पश्चिमेकडचा मागाहून. कारण गणपती विघ्ने हरतो, वेळापत्रके जुळवीत नाही. शेजारी भादलीवरून जाणाऱ्या लोहमार्गालाही वाढीव मार्गिका पडल्या, आणि रेल्वे, महामार्ग, वीज व पाणी या चार खात्यांच्या रेघा एका नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे कागदावर फक्त एक ठिपका दिसत असला, तरी प्रत्यक्षात त्या ठिपक्यावर चार खात्यांचे चार अधिकारी उन्हात उभे राहून परस्परांच्या पत्रव्यवहाराचे जावक क्रमांक तपासून पाहत असतात.

मोठ्या कामांसाठी या रोगावर औषधही मोठे काढलेले आहे. सल्लागार अभियंत्यांची ‘फिडिक’ म्हणून एक जागतिक संस्था आहे, ती 1913 साली स्थापन झाली. 1957 साली तिने कंत्राटाच्या शर्तींचे पुस्तक काढले, त्याला त्याच्या वेष्टनावरून लाल पुस्तक म्हणतात. त्याच्या 1999 च्या आवृत्तीत 4.6 क्रमांकाचे एक कलम केवळ सहकार्यासाठी राखलेले आहे. त्याचा सारांश असा की जागेवर काम करणाऱ्या मालकाच्या माणसांना, इतर ठेकेदारांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना ठेकेदाराने काम करण्याची वाजवी संधी द्यावी. शेजाऱ्याला त्याचे काम करू द्यावे, ही गोष्ट प्रौढ माणसांना आंतरराष्ट्रीय करारात कलम घालून सांगावी लागते, यावरून जगातले सगळे वायरमन सारखेच असावेत असे अनुमान काढायला हरकत नाही. कलम उत्तम आहे. त्यात न्यून एवढेच, की ते दोघांनाही सारखेच लागू असल्यामुळे दोघेही ते परस्परांना वाचून दाखवितात.

गुरुजींकडे लाल पुस्तक नव्हते. त्यांच्याकडे हजेरीपट होता. वरचा मजला चढविण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तासिकांचा पुठ्ठा रद्द केला, शाळेतून उरलेली एक लांबरुंद वही काढली, आणि एकच नियम घातला : पुढच्या कारागिराने काम झाकण्यापूर्वी मागच्याचे काम डोळ्यांनी पाहावे व ‘ठीक आहे’ म्हणून वहीत सही करावी, सही झाली की त्याखालचा दोष सही करणाऱ्याचा. वरच्या वर्गाच्या मास्तरांनी खालच्या वर्गातून आलेला मुलगा पारखून घ्यावा, मग वर्षअखेर तो नापास झाला तर आदल्या मास्तरांकडे बोट दाखवू नये, हेच ते तत्त्व. आणि नळी व स्लॅब यांच्यामधल्या फटीसाठी वहीत एक स्वतंत्र रकाना पाडून त्यात प्लंबरचे नाव घातले, त्याचे निराळे पैसे लिहिले.

याचा पहिला परिणाम असा झाला की काम बंद पडले. सही म्हणताच सहाही जणांचे हात आखडले. अंगठ्याला शाई लावायला ज्यांनी कधी का-कू केली नाही त्यांनाही एकाएकी चष्म्याची आठवण झाली. फरशीवाल्याने तर मोजून दोन वेळा न्हाणीघरात पाणी भरून ठेवायला लावले आणि दोन्ही खेपा खाली जाऊन छताकडे मान वर करून उभा राहिला. परंतु दुसरा परिणाम अनपेक्षित होता. सही करायची तर पाहावे लागते. पाहायचे तर मागचा माणूस काम करीत असतानाच यावे लागते. आणि यावे लागले की तो काम करीत असताना नुसते उभे राहणे अवघड जाते. एका सकाळी मी पाहिले, तर गवंडी खाली बसून नळीभोवतीची फट खरवडून देत होता आणि प्लंबर तिच्यात मसाला ठासून भरीत होता. दोघेही तोंडाने एकमेकांच्या कामाविषयी जे बोलत होते ते इथे छापण्याजोगे नाही. पण शिव्यांनी फट रुंदावत नाही, आणि मसाला दोघांच्या देखत आत गेला होता. वरचे न्हाणीघर अद्याप गळलेले नाही.

म्हणून घर बांधणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ठेकेदारांचे भांडण मिटविण्याच्या भरीस पडू नये. ते त्यांच्या धंद्याचे अंग आहे, आणि भांडता न आलेला गवंडी ओळंबाही तिरपा धरतो असे जाणते सांगतात. मालकाने पाहायचे ते सांध्याकडे. दोन कामांच्या मधली प्रत्येक फट नकाशावर हेरून तिच्यापुढे एका माणसाचे नाव आणि त्याचे दाम लिहून ठेवावे. ज्या फटीपुढे कोणाचेच नाव नाही ती मालकाच्या नावे आपोआप चढते, त्यासाठी तलाठ्याकडे अर्जही करावा लागत नाही. आणि हे नाव लिहिण्याचा मुहूर्त पायाभरणीच्या आधीचा आहे. वास्तुशांतीचे जेवण उठल्यावर लिहायला फक्त पंचनामा उरतो, आणि त्यावर सही करायला एकही पंच गावात सापडत नाही.